रक्त थांबेना, तेव्हा डॉक्टर म्हणाले 'फॅक्टर सेव्हन आणा'. कुणाला काही अनुभव?

ऐरोलीकर

मंडळी, घरात दोन तट पडलेत म्हणून इथे विचारतोय.

गेल्या महिन्यात माझ्या मेव्हण्याला ठाणे-बेलापूर रोडवर रबाळ्याजवळ डंपरने उडवलं. हेल्मेटमुळे डोकं वाचलं, पण कमरेच्या हाडाचा चुरा झाला. जवळच्या एका खाजगी हॉस्पिटलात नेलं (नाव विचारू नका, अजून तिथेच अ‍ॅडमिट आहे). संध्याकाळपासून रक्ताच्या पिशव्या, मग पिवळ्या पिशव्या (प्लाझ्मा), मग प्लेटलेट. मध्यरात्रीनंतर आयसीयूचे डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, अजून आतून रक्त जातंय, फॅक्टर सेव्हन (रक्त गोठवणारं एक प्रथिन, इंजेक्शनच्या कुपीत येतं) द्यावं लागेल, आमच्याकडे स्टॉक नाही, तुम्ही सोय करा.

त्या वेळी कोण प्रश्न विचारणार? मुंबईतल्या एका स्टॉकिस्टला झोपेतून उठवलं. रोख मागितली. आकडा लाखांत होता. मेव्हण्याच्या बायकोने बांगड्या काढून दिल्या, मी आणि साडूने कार्डं घासली, थर्मासच्या डब्यात बर्फ घालून कुप्या आणल्या. दिल्या. सकाळी अँजिओग्राफीवाले डॉक्टर आले, मांडीतून नळी घालून फुटलेली रक्तवाहिनी बंद केली. दुपारपर्यंत बीपी सावरलं. आता तो वॉर्डात आहे आणि पेज आवडत नाही म्हणून भांडतोय.

सासूबाई म्हणतात इंजेक्शनने जीव वाचला. साडू म्हणतो लुटलं. मला वाटत होतं फॅक्टर हे फक्त हिमोफिलियावाल्यांचं (जन्मापासून रक्त नीट न गोठण्याचा आजार) औषध. मेव्हण्याला हिमोफिलिया नाही. मग हे त्याला का दिलं? देतात का असं? आणि पुन्हा कुणावर अशी वेळ आली तर डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं?

कोलबाडचा_बोका

पेजेवरून भांडतोय म्हणजे पेशंट स्टेबल आहे. मध्यरात्री बर्फ घेऊन धावल्यामुळे सासुरवाडीत तुमचा भाव आता कायमचा वधारला, तो परतावा हिशोबात धरा. (हलके घ्या)

बाकी जाणकारांच्या प्रतीक्षेत. खूण साठवली आहे.

नौपाड्याचे_नाना

साडू बरोबर बोलतोय. रात्री दोनला नातेवाईक सही करतो, पैसे आणतो, काही विचारत नाही. ही वेळ बरोबर निवडलेली असते. स्टॉकिस्टचा नंबर कुणी दिला? हॉस्पिटलनेच ना? मग झालं तर.

सुईवाली_आई

नाना, जरा थांबा.

माझा मुलगा आठवीत आहे, आम्ही वर्तकनगरला राहतो. त्याला हिमोफिलिया ए आहे, सिव्हिअर. म्हणजे रक्तात फॅक्टर आठ एक टक्क्यापेक्षा कमी. आमच्या दोन्ही घरांत आधी कुणालाच नव्हता. साधारण एक तृतीयांश मुलांत असा इतिहास नसतोच, हे मला त्याचं निदान झाल्यावर कळलं. तोवर रांगताना गुडघे काळेनिळे व्हायचे आणि शेजारपाजारचे मला विचारायचे, मारता का हो पोराला?

आमच्यासाठी फॅक्टर म्हणजे लूट नाही की चमत्कार नाही. त्याच्या रक्तात जे नाही ते आम्ही शिरेतून भरतो, बस. ते थोड्या तासांत संपतं (आठचं आयुष्य अर्धं व्हायला ८ ते १२ तास), मग पुन्हा भरायचं.

ऐरोलीकर, तुम्हाला ते सगळ्यात शेवटी, सगळं करून थकल्यावर मिळालं. आमची भांडणं ते सगळ्यात आधी मिळावं यासाठी असतात. दोन वर्षांपूर्वी शाळेत बाकावर डोकं आपटलं. वरून टेंगूळसुद्धा नाही. एका मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत गेलो तर म्हणे आधी सीटी करू, रिपोर्टमध्ये रक्त दिसलं तर फॅक्टरचं बघू. अहो, डोक्यात रक्त दिसायला लागेपर्यंत वाट बघायची? डोकं, मान, पोट, यांना मार असेल तर नियम एकच: आधी फॅक्टर, मग मशीन. मी कुप्या सोबत नेल्या होत्या. तिथल्या सिस्टरने शीर दिली, मी औषध ढकललं, तेव्हा कुठे सीटीला गेलो.

हिशोबही सांगते, कुणाला तरी उपयोगी पडेल. फॅक्टर आठचं एक युनिट किलोमागे दिलं की पातळी सुमारे दोन टक्के वाढते. म्हणून वजन गुणिले हवी ती वाढ गुणिले अर्धा. तो तेव्हा ३२ किलोचा, डोक्याला मार म्हणून १०० टक्क्यांपर्यंत न्यायचं, म्हणजे १६०० युनिट. कुप्या २५०, ५००, १०००च्या असतात, उरलेलं फेकायचं नाही, वरच्या कुपीला पूर्ण करायचं. हिमोफिलिया बीला नऊ नंबर लागतो, तिथे एका युनिटला जेमतेम एकच टक्का वाढतो, म्हणून डोस दुप्पट. आणि हो, कुपी खळाखळा हलवायची नाही, हातात हळू फिरवायची, फेस झाला की वाया.

तुमच्या मेव्हण्याला सात नंबर का दिला ते डॉक्टर लोकांनी सांगावं. आमच्या जगात सात नंबर येतो तो फक्त ज्यांच्या शरीराने आठ किंवा नऊविरुद्धच प्रतिपिंडं बनवलीत त्यांच्यासाठी. त्याला इनहिबिटर म्हणतात. सिव्हिअर एमध्ये २५-३० टक्के मुलांना कधी ना कधी होतो.

खाडीपलीकडची

ताई, दंडवत. शीर शोधायला तुम्ही स्वतः शिकलात?

सुईवाली_आई

केईएमला शिकवलं. पहिले काही महिने माझेच हात थरथरायचे, तो शांत असायचा. आता तो स्वतः घेतो आणि मला म्हणतो, लाइट सोड जरा.

भूल_देणारा

ठाण्यातच भूलतज्ज्ञ आहे, ट्रॉमाचे पेशंट नेहमी बघतो. मेव्हण्याची फाइल पाहिलेली नाही, त्यामुळे त्या हॉस्पिटलबद्दल काही बोलणार नाही. सर्वसाधारण सांगतो.

सुईवाली ताईंनी मुद्दा अचूक पकडलाय. रक्त का थांबत नाही, यावर फॅक्टर कधी द्यायचं ते ठरतं. हिमोफिलियात रक्तवाहिनी किरकोळ फुटलेली असते, पण गोठण्याच्या साखळीत एक कडी जन्मापासून नाही. ती कडी भरली की काम झालं. अपघातात साखळी मुळात ठीक असते, भोक मोठं असतं. तीन हात नाक्याला मुख्य जलवाहिनी फुटली आणि तुम्ही कितीही एमसील आणलंत तरी आधी व्हॉल्व्ह बंद करावा लागतो. ऐरोलीकरांच्या लिखाणात व्हॉल्व्ह बंद करणारा माणूस सकाळी आलाय. माझ्या मते तुमच्या गोष्टीत सर्वात महत्त्वाची ओळ तीच आहे.

पण हेही खरं की तासन्तास रक्त जात राहिलं तर साखळीही मोडते. शरीर थंड पडतं, रक्तात आम्ल वाढतं, फायब्रिनोजेन (ज्याची गुठळी बनते ते प्रथिन) संपतं, नुसत्या सलाइनने उरलंसुरलं पातळ होतं. अशा वेळी फॅक्टर सेव्हन (सक्रिय स्वरूपातलं, प्रयोगशाळेत बनवलेलं) देऊन बघायची एक लाट जगभर येऊन गेली. अमेरिकेत १९९९ साली त्याला परवानगी मिळाली ती इनहिबिटरवाल्या हिमोफिलियासाठी. मग युद्धातले जखमी, अपघात, बाळंतपण, मेंदूतला रक्तस्राव, सगळीकडे वापर सुरू झाला. मेंदूतल्या रक्तस्रावाचा मोठा प्रयोग २००८ साली छापून आला: गाठ कमी वाढली, पण माणसं जास्त वाचली नाहीत. अपघातग्रस्तांवरचा २०१० साली आला. रक्ताच्या पिशव्या थोड्या कमी लागल्या, मृत्यू कमी झाले नाहीत, प्रयोग मध्येच थांबवावा लागला. त्याच वर्षी अशा ३५ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तर धमन्यांत गुठळ्या होण्याचं प्रमाण औषध घेतलेल्यांत ५.५ टक्के आणि न घेतलेल्यांत ३.२ टक्के. हार्ट अटॅक, लकवा, या गोष्टी फुकट येत नाहीत, पैसे देऊन येतात.

शिवाय हे औषध काम करायला प्लेटलेट आणि फायब्रिनोजेन हवं, शरीर कोमट हवं, आम्लता आटोक्यात हवी. ज्या पेशंटला ते 'शेवटचा उपाय' म्हणून दिलं जातं, त्याच्याकडे यातलं काहीच नसतं.

म्हणून सासूबाईंनाही पूर्ण मार्क नाहीत आणि साडूलाही नाहीत. मी स्वतः दिलंय का? हो, दिलंय. हातातलं सगळं संपल्यावर, समोर तरुण माणूस असताना, दिलंय. त्यातले काही वाचले. औषधाने वाचले का, हे मला आजही छातीठोक सांगता येणार नाही.

नौपाड्याचे_नाना

म्हणजे डॉक्टरांनाच माहीत नाही की उपयोग होतो का, तरी बांगड्या विकायला लावायच्या. माझंच म्हणणं झालं ना?

भूल_देणारा

नाना, तुमचं म्हणणं कट घेण्यासाठी देतात हे होतं. माझं म्हणणं घाबरून देतात हे आहे. रात्री दोनला ते नळी घालणारे रेडिओलॉजिस्ट उपलब्ध नसतात, पेशंट दुसरीकडे हलवण्याच्या अवस्थेत नसतो, बाहेर वीस नातेवाईक असतात आणि त्यातला एक व्हिडिओ काढत असतो. काहीही न करता बसणं फार अवघड असतं. तेव्हा महागडं इंजेक्शन आठवतं.

आणि स्वस्तातलं विसरलं जातं. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड, झालेली गुठळी विरघळू न देणारं औषध. एक ग्रॅम दहा मिनिटांत, मग एक ग्रॅम आठ तासांत. ४० देशांतल्या २० हजारांवर जखमींवर पाहिलेलं आहे, भारतातलेही पेशंट त्यात होते. मृत्यू कमी होतात, पण अपघातानंतर तीन तासांच्या आत दिलं तरच. उशिरा दिलं तर उलट तोटा. शोध १९६२ सालचा, जपानमधल्या उताको ओकामोटो या बाईंचा. त्यांच्या डोक्यात बाळंतपणातला रक्तस्राव होता, त्यावरची मोठी चाचणी पुढे २०१७ मध्ये आली. त्यातही लवकर दिलं तर बाया वाचतात हेच दिसलं.

कोलबाडचा_बोका

व्हिडिओ काढणारा तो एक नातेवाईक प्रत्येक खानदानात असतो. आमच्याकडचा तर लाइव्ह जातो.

पिवळी_पिशवी

रक्तपेढीत टेक्निशियन आहे, नवी मुंबईत. धागा वाचून राहवलं नाही.

लोक काउंटरवर येऊन ओरडतात, प्लाझ्मा फ्रीजमध्ये आहे तर देत का नाही. अहो, तो दगडासारखा गोठलेला असतो. ३७ अंशांच्या पाण्यात वितळायला वीस-तीस मिनिटं जातात. गरम पाण्यात टाकून घाई केली तर ज्या फॅक्टरसाठी तुम्ही तो नेताय तेच मरतात. आणि त्या पिवळ्या पिशवीत सगळे फॅक्टर असतात खरे, पण साध्या माणसाच्या रक्तात असतात तेवढेच पातळ. पातळी नीट वाढवायची तर किलोमागे १० ते १५ मिली, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ६०० ते ९०० मिली. म्हाताऱ्या हृदयाला एवढं पाणी झेपत नाही, फुप्फुसात भरतं.

क्रायो वेगळं. जुडिथ पूल यांनी १९६४ च्या सुमारास पाहिलं की गोठलेला प्लाझ्मा थंडीतच हळूहळू वितळवला की तळाशी एक गाळ उरतो, आणि सगळा माल त्यातच असतो: फॅक्टर आठ, फायब्रिनोजेन, व्हॉन विलेब्रँड, तेरा नंबर. त्याआधी हिमोफिलियाच्या मुलांना प्लाझ्माच्या बाटल्यांवर बाटल्या चढवत. आजही कुठे फॅक्टर मिळालं नाही तर क्रायोने वेळ निभावते. पण त्यात नऊ नंबर नाही! हिमोफिलिया बीच्या मुलासाठी क्रायोची चिठ्ठी घेऊन आलेले बाबा मी पाहिलेत. आम्ही फोन करून डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी चिठ्ठी बदलली, विषय संपला. पण फोन केला नसता तर?

ऐरोलीकर, मेव्हण्याला फायब्रिनोजेन तपासून क्रायो दिलं होतं का ते बघा. रक्त वाहताना सगळ्यात आधी तेच संपतं, आणि त्यासाठी बांगड्या काढाव्या लागत नाहीत.

निसर्गप्रेमी_७१

या सर्व रासायनिक मार्गांपेक्षा दूर्वांचा रस व अडुळसा यांनी रक्तस्राव थांबतो असा आपल्या पूर्वजांचा अनुभव आहे. कोणी प्रयत्न करून पाहावा.

सुईवाली_आई

पाहिलाय. सासूबाईंनी पाजला होता, मुलाचा गुडघा टरबुजाएवढा झाला तेव्हा. दूर्वा गणपतीला वाहाव्यात, त्याची हरकत नसते.

नेरूळची_निशाचर

विषय निघालाच आहे तर बायकांचंही लिहिते, कारण सगळे 'मुलगे, मुलगे' म्हणताहेत.

मला व्हॉन विलेब्रँडचा आजार आहे, म्हणजे रक्तात त्या नावाचं प्रथिन कमी. जन्मजात रक्तस्रावाच्या आजारांत सगळ्यात जास्त आढळणारा हाच, मुलामुलींना सारखाच होतो, आणि तरी तिशी उलटेपर्यंत कुणी तपासलं नाही. पाळीत दर तासाला पॅड बदलायचे, ट्रान्स हार्बरला उभं राहायची भीती वाटायची, हिमोग्लोबिन सातवर. आई म्हणायची, आपल्याकडे सगळ्यांनाच असं जातं. खरंच होतं, सगळ्यांनाच होतं, कारण आजार घराण्यातला होता! गर्भपिशवी काढा असा सल्ला एकीने दिला. शेवटी दाढ काढल्यावर दोन दिवस रक्त थांबेना, तेव्हा तरुण डेंटिस्ट पोरगी म्हणाली, मॅडम, एकदा रक्ताच्या डॉक्टरांना दाखवा.

साधी गोठण्याची तपासणी माझी नॉर्मल यायची. व्हॉन विलेब्रँडची पातळी ताणात, तापात, गरोदरपणात वाढते, म्हणून एकदा नॉर्मल आली तरी पुन्हा करावी लागते. मला फॅक्टर क्वचितच लागतं. पाळीत ट्रॅनेक्झॅमिकच्या गोळ्या, छोट्या शस्त्रक्रियेआधी डेस्मोप्रेसिन. त्याने शरीरातला साठाच बाहेर पडतो. मोठ्या ऑपरेशनला मात्र व्हॉन विलेब्रँड असलेलंच फॅक्टर हवं, नुसतं प्रयोगशाळेतलं आठ नंबर चालत नाही.

खाडीपलीकडची

निशाचर, तुमची पोस्ट बहिणीला पाठवली. तिचं वर्णन शब्दाशब्दाला जुळतंय. धन्यवाद.

मुरबाडचा_एमबीबीएस

आमच्याकडचा एक प्रकार राहिला. घोणस किंवा फुरसं चावलं की विष गोठण्याचे घटक खाऊन टाकतं. हिरड्यांतून, लघवीतून रक्त. नातेवाईक पेशंट थेट कळव्याला किंवा ठाण्याला नेतात, आणि वाटेत कुणीतरी प्लाझ्मा चढवायला सांगतं. विष अंगात फिरत असताना फॅक्टर, प्लाझ्मा काहीही घाला, तेही खाऊन टाकणार. आधी सर्पविषाची लस, तीही जवळच्या ग्रामीण रुग्णालयात मिळते, तिथेच सुरू करा. मग लिव्हर स्वतःच काही तासांत नवे फॅक्टर बनवतं.

तपासणीला लॅबही लागत नाही. काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग तिरकी करायची. गोठलं नसेल तर लस हवी. प्लास्टिकच्या नळीत करू नका, फसवते.

भूलवाल्या सरांना दुजोरा: कारण आधी.

नौपाड्याचे_नाना

आता माझंही ऐका, म्हणजे मी नुसता विरोधाला विरोध करतो असं वाटायला नको.

माझी हृदयाची झडप बदललेली आहे, अ‍ॅसिट्रॉम (रक्त पातळ करणारी गोळी) चालू. मागे पोट बिघडलं म्हणून दुकानातून मेट्रोनिडाझोल आणून घेतली. दोन-चार दिवसांत डांबरासारखं काळं शौचाला, उभं राहिलो की चक्कर. आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा) आठच्या वर. हॉस्पिटलात म्हणाले प्लाझ्मा देऊ तर पिशव्या फार, तुमचं हृदय आधीच थकलेलं. म्हणून पीसीसी नावाचं इंजेक्शन दिलं, एका छोट्या बाटलीत, सोबत व्हिटॅमिन के. अर्ध्या तासाने पुन्हा रक्त तपासलं तर आयएनआर उतरलेला. ते स्वस्त नव्हतं, पण त्याचा फरक मला दिसला, म्हणून त्याबद्दल तक्रार नाही. तर डॉक्टरसाहेब, हेही फॅक्टरच ना? मग इथे चालतं आणि मेव्हण्याला का चालत नाही?

भूल_देणारा

नाना, उत्तम प्रश्न, आणि उत्तर तुमच्याच गोष्टीत आहे. अ‍ॅसिट्रॉममुळे लिव्हरला दोन, सात, नऊ आणि दहा नंबर नीट बनवता येत नाहीत. पीसीसीत नेमके तेच चार असतात. जे कमी, तेच भरलं. मेव्हण्याच्या बाबतीत काय कमी आहे हे मोजल्याशिवाय अंदाजाने भरणं झालं. फ्रान्समध्ये अपघाताच्या गंभीर पेशंटना सरसकट पीसीसी देऊन पाहिलं, निकाल २०२३ साली आला: रक्ताच्या पिशव्या वाचल्या नाहीत, गुठळ्या मात्र वाढल्या.

तुमच्या केसमध्येही डॉक्टरांना धाकधूक असणारच. कृत्रिम झडपेवर गुठळी बसली तर ते रक्तस्रावाइतकंच वाईट. आणि अ‍ॅसिट्रॉम चालू असताना कुठलीही नवी गोळी, अगदी जुलाबाचीसुद्धा, विचारल्याशिवाय नाही.

ठाणे_वेस्टचा_व्यास

अवांतर: हिमोफिलियावर आता जीन थेरपी आली ना? मग हे रोजचं टोचणं कशाला?

सुईवाली_आई

व्यास, आलीय आणि नाहीही. वेल्लोरच्या सीएमसीने पाच जणांवर केलेल्या कामाचा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये आला, आठ नंबरच्या जीनवरचा. उपचारानंतर त्यांना रक्तस्राव झाला नाही. मी तो रात्री बसून तीनदा वाचला. पण त्याआधी केमोथेरपीसारखी तयारी असते, आणि पाच म्हणजे पाच. अमेरिकेत हिमोफिलिया बीसाठी २०२२ साली जी मंजूर झाली तिची किंमत तेव्हा ३५ लाख डॉलर होती.

माझा मुलगा आता एमिसिझुमॅबवर आहे. ते फॅक्टर नाही, आठ नंबरचं काम करणारी प्रतिपिंड आहे, कातडीखाली टोचायची, महिन्यातून एकदाही चालते. इनहिबिटर असला तरी चालते. केरळने १८ वर्षांखालच्या मुलांना ती मोफत द्यायला सुरुवात केली तेव्हा आमच्या ग्रुपवर सगळ्यांनी एकदम बॅगा भरायची भाषा केली होती. आमचं आयुष्य तिने बदललं. मुलगा गेल्या दहीहंडीला खाली उभा राहून पाणी मारत होता. वर चढू दिलं नाही, अजून बोलत नाहीये नीट.

पण दोन गोष्टी कॅज्युअल्टीवाल्यांनी लक्षात ठेवाव्यात. ती घेत असलेल्या मुलाचा एपीटीटी (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेची तपासणी) नॉर्मल दिसतो. 'रिपोर्ट नॉर्मल आहे, घरी जा' असं म्हणू नका. आणि ती रक्तस्राव होऊ नये म्हणून आहे, चालू झालेला मोठा रक्तस्राव तिने थांबत नाही, तेव्हा फॅक्टर लागतंच. म्हणून फ्रीजमध्ये कुप्या अजून आहेत, लोणच्याच्या बरणीशेजारी, आणि पाहुण्यांनी हात लावायचा नाही.

भूल_देणारा

एक पुस्ती, फार महत्त्वाची. एमिसिझुमॅबवर असलेल्या, इनहिबिटर असलेल्या पेशंटला रक्तस्रावात फीबासारखं सक्रिय पीसीसी मोठ्या डोसने दिल्यास बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊन जिवावर बेतू शकतं. तिथे पहिली निवड फॅक्टर सेव्हन. म्हणजे ऐरोलीकरांच्या घरात बदनाम झालेलं औषध, पण आपल्या हक्काच्या जागी.

संपादक

कृपया धाग्यात स्टॉकिस्ट, एजंट किंवा डॉक्टरांचे फोन नंबर टाकू नयेत. दोन प्रतिसाद उडवले आहेत. डोसची माहिती चर्चेपुरती आहे, उपचार आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

घणसोलीचा_पप्पा

सुईवाली ताई, आमचा दीड वर्षाचा आहे. गेल्या आठवड्यातच निदान झालं, सिव्हिअर ए. हा धागा बायकोला दाखवू की नको ते ठरत नाहीये. केईएम लांब पडतं. ठाण्यात काय सोय?

सुईवाली_आई

दाखवा. आणि तिला सांगा यात तिची चूक नाही, कारण लवकरच कुणीतरी तिला उलटं सांगेल.

ठाणे सिव्हिलला डे केअर आहे, हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकल सेलसाठी. नव्या इमारतीच्या कामामुळे सिव्हिलचे विभाग मेंटल हॉस्पिटलच्या आवारात हलवले होते, तेव्हा निघण्याआधी फोन करून जागा विचारा. मोठ्या तपासण्यांना, विशेषतः इनहिबिटरला, केईएमच्या आवारातली राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे. सुरुवातीच्या फॅक्टरच्या डोसांतच इनहिबिटर व्हायची शक्यता जास्त, म्हणून त्या काळात तपासणी चुकवू नका. हिमोफिलिया सोसायटीत नाव नोंदवा. २०१६ च्या कायद्यात हिमोफिलिया दिव्यांगत्वात धरलाय, प्रमाणपत्राची फाइल आत्ताच सुरू करा, त्याला वेळ लागतो.

लस द्यायची असते, घाबरून टाळू नका, फक्त बारीक सुई आणि नंतर पाच-दहा मिनिटं दाबून धरायचं. दुखलं, ताप आला तर पॅरासिटॅमॉल. ब्रुफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन घरातून हद्दपार. कुल्ल्यावर इंजेक्शन तर नाहीच. बाकी व्यनि (खाजगी निरोप) करा, आम्ही बोलू.

घणसोलीचा_पप्पा

केला. आभार.

ऐरोलीकर

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. काल डिस्चार्जआधी फाइलची प्रत मागितली. कटकट न करता दिली, हे नमूद करतो.

त्यात असं आहे: ट्रॅनेक्झॅमिक पोचल्याबरोबर, अपघातापासून तासाभराच्या आत. कमरेला पट्टा बांधलेला. फायब्रिनोजेनची तपासणी पहिल्यांदा फॅक्टर सेव्हन देऊन झाल्यावर पाठवलेली, तेव्हा ०.९ ग्रॅम लिटरला. क्रायो त्यानंतर. शरीराचं तापमान ३४.२. मग सकाळी नळी घालून वाहिनी बंद केली. उजव्या पायाची सोनोग्राफीही केली होती, गुठळी नाही.

भूलवाले सर, याचा अर्थ काय लावायचा?

भूल_देणारा

सुरुवात चांगली होती. ट्रॅनेक्झॅमिक वेळेत आणि पट्टा, दोन्ही बरोबर. ०.९ फायब्रिनोजेन आणि ३४ तापमानावर सेव्हनने फारसं काही केलं असेल असं मला वाटत नाही. क्रायो आधी आणि ऊब आधी हवी होती. निर्णायक काम रेडिओलॉजिस्टचं. लूट म्हणणार नाही, क्रम चुकला म्हणेन. आणि हे मी आरामात चहा पीत लिहितोय, हेही लक्षात घ्या.

तुमचा शेवटचा प्रश्न होता काय विचारायचं. मी नातेवाईक असतो तर एवढंच विचारलं असतं: रक्त कुठून येतंय आणि ती जागा बंद करायला कोण, कधी येणार? इथे ते होणार नसेल तर कुठे होईल, आणि तोवर पेशंट हलवता येईल का? फायब्रिनोजेन किती? पेशंट गरम आहे का? रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, घरात कुणाला रक्त न थांबण्याचा आजार आहे का, हे तर तुम्हीच सांगायचं, विचारायची वाट न बघता. एवढं झाल्यावरही फॅक्टर हवं म्हणाले तर मग बर्फ घेऊन धावा.

ऐरोलीकर

साडूला आणि सासूबाईंना दोघांनाही वाचून दाखवलं. दोघंही म्हणतात, बघ, मी म्हणत होतो/होते.

कोलबाडचा_बोका

😂😂 संपला विषय.

मंगला_कामोठे

नमस्कार, उशिरा आले. माझ्या वडिलांना अ‍ॅसिट्रॉम आहे आणि पुढच्या आठवड्यात दाढ काढायची आहे. नानांचं वाचून घाबरले. गोळी चार दिवस आधी बंद करू का?

नेरूळची_निशाचर

स्वतःहून बंद करू नका!

भूल_देणारा

निशाचर +१. एका दाढेसाठी बहुतेक वेळा बंद करावीच लागत नाही. आयएनआर दाढ काढायच्या एक-दोन दिवस आधी करा. ४ च्या खाली, म्हणजे नेहमीच्या टप्प्यात असेल तर डेंटिस्ट टाका घालून, ट्रॅनेक्झॅमिकच्या चुळा देऊन काम भागवतात. गोळी लिहिणाऱ्या डॉक्टरांना आणि डेंटिस्टना एकमेकांशी फोनवर बोलायला लावा. अपॉइंटमेंट सकाळची घ्या, म्हणजे रक्त आलंच तर दिवसाउजेडी येईल.